दाजींचे सेल

जगातली निम्मी काळजी माझे थोरले साडू एकटे करतात. उरलेली निम्मी आपण बाकीचे सगळे मिळून करतो, आणि तीही नीट करत नाही, असा त्यांचा आपल्यावर आक्षेप आहे. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून लग्नानंतर मीही दाजीच म्हणायला लागलो. तरुणपणी ते लातूरकडून पिंपरीत आले, चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांचं काम होतं मशीन बिघडायच्या आधी दुरुस्त करण्याचं. म्हणजे चांगलं चालणारं मशीन थांबवायचं, उघडायचं, आत काय झिजतंय ते बघायचं, आणि काहीच झिजलेलं नसेल तर जास्तच काळजीत पडायचं. कारखान्याने या गुणाचा इतकी वर्षं पगार दिला. निवृत्तीनंतर तो गुण बिनपगारी घरी आला.

घराला कुलूप लावून दाजी खाली उतरतात, स्कूटरला किक मारतात, आणि कुलूप बघायला परत वर जातात. लग्नाला गेले तर मांडवाचे खांब हलवून बघतात. आमच्याकडे रावेतला आले की नऊ मजले पायी चढून येतात, कारण लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही. "मधीच लाइट गेली तर?" "दाजी, जनरेटर आहे." "आन् जनरेटरच्या माणसाचा त्याच दिवशी साखरपुडा असला तर?" त्यांच्या काळजीची गंमत हीच, की तिला उत्तर देता येत नाही. ती इतकी तपशिलवार असते की ऐकता ऐकता आपल्यालाच त्या माणसाचा साखरपुडा दिसायला लागतो.

पण ही सगळी सुटी सुटी काळजी होती. ती एका जागी गोळा झाली अक्का आजारी पडल्यावर. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दाजींची बायको. एका सकाळी चहा गाळताना त्यांच्या हातातून गाळणी पडली आणि पाठोपाठ त्याच पडल्या. उजवी बाजू लुळी झाली. जीव वाचला, हळूहळू वाचाही आली, पण उजवा पाय ओढतच राहिला आणि एकेक शब्द सावकाश यायला लागला. त्यांना दवाखान्यातून घरी आणलं तो दिवस मला आठवतो. संत तुकाराम नगरातली जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. रुग्णवाहिकेची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन चढत होती. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर तिरकं झालं आणि अक्का पट्ट्यांमधून खाली घसरल्या, अगदी हातभर. लागलं काहीच नाही. "काय नाय काका, काय नाय," म्हणत त्या माणसांनी त्यांना परत वर ओढलं. पण दाजींनी ते पाहिलं होतं. ते भिंतीला टेकून उभे राहिले, आणि मी धरलं नसतं तर बसलेच असते. त्या दिवसापासून जिन्यात अक्कांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा कायदा झाला.

आता अक्का जर घरात बसून राहणाऱ्या असत्या तर हा कायदा सहज चालला असता. पण त्यांना रोज संध्याकाळी खाली जायचं असे, आणि तेही भाजी घ्यायला. दाजी आणतात ती भेंडी जून असते आणि मेथीत गवत असतं, हे दुःख त्यांना अर्धांगवायूहून मोठं वाटे. म्हणून रोज दाजी त्यांना पाठुंगळी घेऊन तीन मजले उतरत, भाजीच्या गाडीशेजारच्या बाकावर बसवत आणि भाजी झाली की तसेच वर घेऊन येत. अक्का अंगाने बारीक, डाव्या हाताचा विळखा दाजींच्या गळ्याभोवती, आणि पिशवी दाजींच्या दातात नसली तरी तशीच कुठेतरी लटकलेली. शेजारचे मदतीला धावत. दाजी त्यांना लांबूनच थांबवत, "नको, नको, तुमचा पाय सरकंल."

असं वर्षभर चाललं. मग एका दिवशी लोणच्याच्या बरणीचं झाकण दाजींना उघडेना. फडकं धरून पाहिलं, तळहाताला पीठ लावून पाहिलं, शेवटी झाकण दाराच्या फटीत धरून बरणी फिरवली. झाकण निघालं, पण दाजींचा चेहरा उतरला. त्याच संध्याकाळी माझ्याकडे येऊन, नऊ मजले चढून, पाणीसुद्धा न पिता ते म्हणाले, "साडूभाऊ, माझे सेल उतरायलेत."

मला वाटलं टीव्हीच्या रिमोटचे. पण नाही. त्यांनी फोनवर पाहिलं होतं की माणसाच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत एक बारीकशी बॅटरी असते, वय झालं की ती पूर्वीसारखी चार्ज होत नाही आणि स्नायू आतल्या आत झिजत जातात. झिजत जातात हा शब्द उच्चारताना त्यांनी स्वतःच्या दंडाकडे अशा नजरेने पाहिलं, की मला कारखान्यातली ती उघडी मशीनं दिसली. "बाहेरून कळत नाही बघा. माणूस चालतंय, फिरतंय, जेवतंय. आन् एक दिवस जिन्यात..."

मग पावडर आली. पांढरी, बिनवासाची, पिठीसाखरेसारखी. क्रिएटिन तिचं नाव. स्नायूंना ताकद पुरवते म्हणून व्यायामशाळेतली पोरं घेतात ती. पाठोपाठ पेशींच्या बॅटरीसाठी केशरी रंगाच्या कॅप्सूल आल्या. दाजींनी या दोन्हींचा जो सोहळा मांडला तो देवपूजेच्या वरचा होता. सकाळी कोमट पाण्यात पावडर टाकायची, ढवळायची, प्यायची, तळाशी राहिलेल्या कणांवर पुन्हा पाणी घालून तेही प्यायचं, आणि मग पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. ती आत पोचल्याचं त्यांना म्हणे कळायचं. "कुठं कळतं?" मी विचारलं. त्यांनी पोटरी दाखवली.

तिथून सगळ्या जगाचे सेल त्यांच्या नजरेखाली आले. भेटेल त्याच्या हातात ते हात देत आणि "दाबा, जोरात दाबा" म्हणत. आमच्या एका भाचीची सोयरीक ठरताना त्यांनी मुलाच्या वडिलांचा हात असा दाबला, की त्यांना वाटलं मानपानावरून काही दम दिला जातोय. माझ्या बायकोला मध्ये पडून खुलासा करावा लागला. आमच्या घरी पूजा होती तेव्हा आरतीला सगळे उठले, तर दाजींचं देवाकडे लक्षच नाही. माझ्या कानाशी येऊन ते कुजबुजले, "उठताना तुम्ही गुडघ्यावर हात ठिवलात. मी बघितलं." प्रसादाचा शिरा मी त्या दिवशी गुन्हेगारासारखा खाल्ला.

एकदा नाशिक फाट्याला नाकाबंदीत त्यांची स्कूटर अडवली. डिकीत प्लॅस्टिकच्या पुडीत पांढरी पावडर. हवालदाराने पुडी उन्हात धरली, नाकाशी नेली आणि आवाज खाली आणून विचारलं, "काय आहे हे?"

"सेलचं खाद्य," दाजी म्हणाले.

"मोबाइलच्या?"

"न्हाई हो, माणसाच्या." आणि ते तिथंच, रस्त्याच्या कडेला, हवालदाराला पेशी समजावायला लागले. मागे हॉर्न वाजतायत, उन्हाचा तडाखा, आणि दाजी त्याला म्हणतायत, "माझा हात दाबा. जोरात दाबा." अर्ध्या तासाने त्यांना सोडलं. सोडताना हवालदाराने पुडी परत दिली आणि हळूच विचारलं, "गुडघ्याला चालतं का हो काका?"

आम्ही हसायचो. अक्काही हसायच्या, तोंडाच्या एका कोपऱ्यातून. पण रोज संध्याकाळी ती वरात तीन मजले खाली यायची आणि वर जायची, हे आम्ही सगळे पाहत होतो. त्यामुळे पावडर बंद करा, असं मात्र कुणी म्हणत नव्हतं.

मग त्यांच्या वसाहतीत तपासणीचं शिबिर झालं. दाजींनी हौसेने रक्त दिलं. आपल्या आत सगळं कसं मजबूत झालंय ते कागदावर बघायचं होतं त्यांना. दोन दिवसांनी हिंजवडीहून घरी निघालो असताना त्यांचा फोन आला. कंपनीची कॅब वाकडच्या अलीकडे नेहमीसारखी रुतली होती.

"साडूभाऊ, बसलाय का?"

"बसलोय. तासाभरापासून हललेलोसुद्धा नाही."

"मग ऐका. किडनी गेली."

"कुणाची?"

"माझी. कागदावर क्रिएटिनिनच्या पुढं आकडा ठळक छापलाय. बाकी सगळे बारीक हायत, एकटा त्योच ठळक."

मी परोपरीने समजावलं, की ठळक छापलं म्हणजे लगेच किडनी जात नाही. पण त्यांच्या आवाजात नेहमीची घाई नव्हती, आणि त्यानेच मला भीती वाटली. दाजी काळजीत असले की भराभर बोलतात. त्या दिवशी ते अक्कांसारखे बोलत होते, एकेक शब्द.

रविवारी सकाळी ते रावेतला आले. वर आलेच नाहीत, मलाच खाली पार्किंगमध्ये बोलावलं. एका खांबाजवळ नेलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला उचला."

"काय?"

"पाठीवर घ्या. ह्या खांबापासून त्या गाडीपर्यंत न्या. बघू द्या मला."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. ते मशीनला पर्यायी पार्ट शोधत होते. "माझं काय व्हायचं ते होईल हो," ते म्हणाले, "पण तिला खाली कोण नेणार? भाडोत्री माणसं पाडतील तिला."

मी त्यांना पाठीवर घेतलं. वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. चौथ्या का पाचव्या पावलाला कमरेत अशी कळ आली की मी एका स्कूटरला टेकलो. स्कूटर शेजारच्या स्कूटरला टेकली. दाजी खाली उतरले, माझा शर्ट सारखा केला आणि अतिशय सौम्यपणे म्हणाले, "न्हाई जमणार." मग खिशातून एक पुडी काढून माझ्या हातात ठेवली. "आजपासून चालू करा. टाइम लागतो."

माझ्या बायकोला हे कळलं तेव्हा ती हसली नाही. तिने दुसऱ्याच दिवशी चिंचवडच्या एका डॉक्टरबाईंची वेळ घेतली आणि मला बरोबर धाडलं. डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी कागद पाहिला, रक्तदाब घेतला आणि विचारलं, "रोज काही औषध, पावडर, गोळ्या घेता का?"

"काही न्हाई," दाजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. लगेच समजलं: यांना किडनीपेक्षा पावडर बंद होण्याची भीती जास्त होती. पण तो पाय इतका जोरात दाबला गेला होता की सेलविषयी माझ्या मनात काही शंका उरली नाही, आणि मी सांगून टाकलं, "डॉक्टर, हे क्रिएटिन घेतात. किती महिने झाले."

"अहो, मग हे आधी सांगायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "क्रिएटिन घेतलं की त्याचंच शरीरात क्रिएटिनिन होतं. किडनी ठणठणीत असली तरी रक्तात आकडा वर दिसू शकतो. तेच झालं असेल असं मी आत्ताच म्हणत नाही. पावडर काही आठवडे पूर्ण बंद करा, मग पुन्हा रक्त बघू. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफीही करून घेऊ."

"म्हणजे नावात एक 'नि' जास्त, त्याचा हा घोळ?" मी विचारलं.

"बहुतेक. पण बंद करायची म्हणजे करायची."

"मग तिला खाली कोण नेणार?" दाजींनी विचारलं, आणि मग सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मिसेस घरात चालतात?"

"काठी धरून. स्वयंपाकघरापर्यंत."

"आणि जिना?"

"जिना न्हाई."

"व्यायाम शिकवणाऱ्यांनी जिना नको म्हणून सांगितलंय?"

दाजींनी टेबलावरचा कागद सारखा केला. मग म्हणाले, "मी नको म्हणून सांगितलंय."

पुढचे आठवडे वाईट गेले. सोनोग्राफी चांगली आली, त्यावर त्यांचा विश्वास नाही. लघवीत दोष नाही, त्यावरही नाही. रोज फोन: आज दंड सैल लागतोय, आज पिशवी जड लागली, आज पोटरीत काही पोचल्यासारखं वाटत नाही. मी रोज म्हणायचो, "दाजी, मनाचं आहे," आणि ते म्हणायचे, "मन कशावर चालतं मग? तेबी सेलवरच की." अक्कांना खाली नेणं मात्र त्यांनी थांबवलं नाही. फक्त निघण्याआधी आता ते दारात थोडा वेळ उभे राहत, पोहणारा पाण्याकडे बघतो तसे जिन्याकडे बघत.

अशाच एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे होतो. दाजींनी अक्कांना पाठीवर घेतलं, मी दोन पायऱ्या पुढे. वरचा टप्पा उतरून वळणावर आलो, तिथेच, जिथे ते स्ट्रेचर तिरकं झालं होतं, आणि मागून पावलांचा आवाज थांबला. वळून पाहिलं तर दाजींचे गुडघे थरथरत होते. चेहरा घामाने डबडबलेला. "धरा," ते म्हणाले, "साडूभाऊ, धरा तिला, धरा." मी धावलो, आम्ही दोघांनी अक्कांना हळूच पायरीवर बसवलं, आणि दाजी शेजारी मटकन खाली बसले. छातीत दुखतंय का विचारलं. नाही म्हणाले. दम लागलाय का? नाही. "उतरले," एवढंच म्हणाले. "सेल उतरले." आणि हा माणूस, ज्याने उभ्या जन्मात कुणापुढे डोळे पुसले नसतील, तो तोंड भिंतीकडे करून बसला.

अक्कांनी डावा हात वर केला आणि कठडा धरला.

"सरका," त्या म्हणाल्या.

"कुठं सरकू? बस तू. मी जरा दम खातो, मग—"

"सरका म्हणते. मी उतरते."

"पडशील!"

"पडले तर," एकेक शब्द जुळवत त्या म्हणाल्या, "बसलेलीच, पडेन. उठू द्या."

त्या उठल्या. मी काखेत हात दिला, तो त्यांनी कोपराने बाजूला केला. कठडा डाव्या हाताला होता, तो चांगला हात. आधी दुबळा पाय खालच्या पायरीवर सोडला, तो तिथे टेकलाय का हे टाचेने दोनदा चाचपलं, मग दुसरा पाय आणला. दाजी उठून त्यांच्या खालच्या पायरीवर गेले, पाठ खाली, तोंड वर, दोन्ही हात पसरून, कबड्डीत चढाई अडवायला उभे राहावं तसे. एक पायरी. मग पुढची. अक्का कठड्याशी मध्येच थांबत, ओठ दाबत, पुन्हा पाय सोडत. दाजी उलटे उतरत होते आणि त्यांना आपण उलटे उतरतोय याची काळजी करायलासुद्धा सवड नव्हती. तो टप्पा संपला तेव्हा अक्का पायरीवर बसल्या आणि धापा टाकत हसल्या.

"कधी शिकलीस?" दाजींनी विचारलं.

"तुम्ही, आंघोळीला, गेलात की. स्वयंपाकघराचा उंबरा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि पावडर, नाही घेतली, बरं का."

महिन्याभराने रक्ताचा कागद आला. या वेळी काहीच ठळक नव्हतं. किडनी पहिल्यापासून शाबूत होती. डॉक्टरबाईंनी सांगितलं की पावडर घ्यायचीच असेल तर बेताने घ्या, आणि पुन्हा कधी रक्त द्याल तेव्हा आधी सांगा. दाजी आता ती अर्धा चमचा घेतात, आणि दवाखान्याच्या दारातून आत शिरतानाच सांगतात, वॉचमनपासून सुरुवात करून. अक्कांना व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येऊन जिना करून घेतात. त्या आल्या की दाजी त्यांच्याही मागे हात पसरून उभे असतात.

परवा मी संध्याकाळी तिकडे गेलो. अक्का तिन्ही मजले आपल्या पायांनी उतरल्या होत्या आणि भाजीच्या गाडीशी उभ्या राहून, काठी हाताला अडकवून, टोमॅटो एकेक दाबून बघत होत्या. दाजी आणि मी बाकावर बसलो होतो. दाजींची नजर त्यांच्या पायांवर.

"बरं झालं दाजी," मी म्हणालो, "तुमची पाठ मोकळी झाली."

"झाली की," ते म्हणाले. समोरून एक रिक्षा गेली, ती अक्कांपासून किती अंतरावरून गेली ते त्यांनी पाहून घेतलं.

"पाठीवर असली की बोलायची हो," ते म्हणाले. "कानापाशी. जिन्यात. घरात गेलं की तिला शब्द सापडायचे न्हाईत, पण जिन्यात कसे की यायचे. काय बी बोलायची. गावाकडचं, आईचं, कुणाच्या लग्नात काय झालं ते. मला वर बघायलाबी फुरसत नसायची, नुसतं हूं हूं म्हणायचो. आता पायाकडं बघून उतरती. गपचिप."

तेवढ्यात अक्कांनी मान वळवून पिशवीसाठी हाक मारली, आणि दाजी लगबगीने उठले, कारण तिथली फरशी जरा उचकटलेली आहे.